मेणकट तेलाचे सबनीस सर

सबनीस सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते काचेची एक बरणी आडवी धरून मराठीत पाच आकडे मोजत होते. "एक... दोन... तीन... चार... पाच." मग बरणी सरळ केली, वहीत काहीतरी लिहिलं आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "दार लावून घ्या. गरम हवा आत येते." माझं आडनाव त्यांनी अर्जावर वाचलेलं असणार, नाहीतर न्यूझीलंडमध्ये इंटरव्ह्यूला आलेल्या मुलीशी कोणी मराठीत सुरुवात करत नाही. जून महिना होता, म्हणजे इथला हिवाळा. बाहेर बंदरावरून येणारा वारा कानशिलं सोलत होता आणि त्या खोलीत तर माझी बोटं वाकत नव्हती. गरम हवा कुठून आत येणार होती हे मला आजतागायत कळलेलं नाही.

ही २०१२ सालची गोष्ट. नाशिकहून एम.एस्सी. करून मी वेलिंग्टनला डिप्लोमा करायला आले होते. तो संपला होता आणि आठ महिने एका डेअरीत, म्हणजे इथल्या कोपऱ्यावरच्या दुकानात, दूध, पाव आणि सिगारेटी विकत होते. केमिस्ट्रीशी दुरून नातं सांगणारी कुठलीही नोकरी मला चालली असती. ही मिळाली ती लोअर हटच्या सीव्ह्यू भागात. छोटी कंपनी, चौदा-पंधरा माणसं, मागे मिश्रणाच्या चार टाक्या आणि पुढे ही गारठलेली लॅब. तिथे तेलाचं औषध बनत असे. 'औषध' हा शब्द सरांचा. बाकी सगळे त्याला 'अ‍ॅडिटिव्ह' म्हणायचे.

इंटरव्ह्यूत त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न असा होता, "तुमच्या घरी तूप कढवतात ना? ते रवाळ कधी होतं?"

"हळूहळू निवू दिलं की."

"आणि लगेच फ्रीजमध्ये ठेवलं तर?"

"गुळगुळीत गोळा होतो."

"झालं. अर्धं तुम्हाला येतंय. उरलेलं अर्धं यायला चार वर्षं लागतील."

तारानाकीत जमिनीतून जे कच्चं तेल निघतं ते मेणकट असतं. खाली पोटात ऊब असते तोवर ते पाण्यासारखं वाहतं. वर येऊन पाइपात शिरलं आणि निवायला लागलं की त्यातलं मेण कणाकणानं बाहेर पडतं, कण एकमेकांना चिकटतात, त्यांची जाळी तयार होते आणि त्या जाळीत सगळं तेल अडकून बसतं. पाइप बाहेरून ठणठणीत आणि आतून भरलेली मेणबत्ती. आमचं औषध त्यातलं मेण काढत नसे. ते फक्त त्या कणांना एकमेकांशी जुळू देत नसे. लाखभर थेंबांत पाच-पंचवीस थेंब. कमी पडले तर तेल बसतं, जास्त घातले तर गिऱ्हाईक बोंबलतं. किती घालायचे ते सबनीस सर ठरवायचे, आणि ते ठरवण्यासाठी बरणी तीन-तीन अंशांनी गार करत न्यायची, दर वेळी आडवी करून पाच मोजायचे आणि आतला पृष्ठभाग हलतो का बघायचं. अठ्ठावीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं, आधी गुजरातेत, मग उरणला, मग इथे. टाकीवर काम करणाऱ्या गोऱ्या पोरांनासुद्धा मराठीत पाचपर्यंत मोजता येत असे. सहा कोणालाच माहीत नव्हता.

माणूस तसा तऱ्हेवाईक. उंची बेताची, टक्कल, भुवया मात्र दोन माणसांना पुरतील एवढ्या. राग नाकावर. कोणी 'झकास' या अर्थानं 'स्वीट अ‍ॅज' म्हणालं की ते थांबायचे आणि विचारायचे, "अ‍ॅज व्हॉट? वाक्य पुरं करा." त्या बिचाऱ्या किवी माणसाला वाक्य तिथेच पुरं होतं हे पटवून देता यायचं नाही. कौतुक करायचा त्यांना मनापासून कंटाळा. "ठीक आहे" ही त्यांची सर्वांत मोठी पदवी, आणि ती मला पहिल्यांदा मिळाली अकरा महिन्यांनी. त्याच दिवशी ते 'अहो'वरून 'अगं'वर आले. मी अप्पर हटच्या घरी जाईपर्यंत ट्रेनमध्ये एकटीच हसत होते.

त्यांचा खरा जीव होता तो चिठ्ठ्यांवर. तारानाकीहून तेलाचे नमुने पत्र्याच्या डब्यांतून कुरियरने यायचे. प्रत्येक डब्याच्या गळ्यात सुतळीनं एक जाड कागद बांधलेला असे. सर त्याला 'पत्रिका' म्हणायचे. तेल कधी काढलं, तेव्हा किती गरम होतं, वाटेत किती गार झालं, आमच्याकडे आल्यावर ओतता यावं म्हणून किती ऊब दिली, किती वेळ दिली, कोणी दिली. सगळं त्यात लिहायचं. कारण मेणकट तेलाचा एक विचित्र स्वभाव आहे. एकदा त्याला शंभर अंशांपर्यंत तापवलं तर ते साधं राहत नाही. आतले मेणाचे सगळे जुने कण विरघळून जातात, आणि मग गार करताना ते खरं वागायला हवं त्यापेक्षा शहाण्यासारखं वागतं, उशिरापर्यंत वाहत राहतं. पाइपातलं तेल काही असं तापवलेलं नसतं. त्यामुळे तापलेल्या नमुन्यावर चाचणी केली तर कागदावर सगळं छान दिसतं आणि जमिनीत पाइप बसतो.

"मेणाला सगळं आठवतं," असं ते म्हणायचे. "आपण ते पुसायचं नाही. पुसलं तर निदान लिहून ठेवायचं."

एकदा आलेल्या सहा डब्यांपैकी दोहोंच्या पत्रिका वाटेत भिजून गेल्या होत्या. आमचा मॅनेजर क्रेग म्हणाला, चालवून घे. सरांनी सहाही डबे उलट्या कुरियरने परत पाठवले. तीन दिवस काम बंद. क्रेग लॅबच्या दारात उभा राहून लालबुंद झाला होता आणि सर टेबल पुसत होते. मला त्या दिवशी सरांचा फार अभिमान वाटला. तो अभिमान मी पुढे कितीतरी जणांना ऐकवला आहे.

टामाची आणि माझी ओळख सरांनीच करून दिली. वर्षातून दोनदा आम्ही तारानाकीला जायचो. तिथल्या एका विहिरीवर टामा ऑपरेटर होता. विहिरीपासून मुख्य स्टेशनपर्यंत चार-पाच किलोमीटरची लाइन त्याच्या ताब्यात. आडवातिडवा माओरी गडी, आवाज मात्र शाळेतल्या बाईंसारखा मऊ. औषधाचा पंप किती वाजता तपासला, लाइन कधी बंद केली, कधी उघडली, सगळं तो मिनिटासकट लिहायचा. दहा वाजून सात मिनिटांनी केलेलं काम तो सव्वादहाला लिहीत नसे. सर त्याची वही उभ्याउभ्या चाळायचे आणि मला म्हणायचे, "बघ. हा माणूस आपल्या लॅबमध्ये पाहिजे होता."

दोघांची गट्टी जमली ती माशांवरून. सर पक्के मासेखाऊ. टामा कहावाई नावाचा मासा पकडून घरीच धुरावर शेकायचा आणि दर ख्रिसमसला त्याचं एक पुडकं लोअर हटला पाठवायचा. सर ते उघडून नाकाला लावायचे, डोळे मिटायचे आणि सुरमईशी त्याची तुलना करून शेवटी सुरमईच्याच बाजूनं निकाल द्यायचे. तरी पुडकं संपेपर्यंत घरात वसुधाकाकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, दुसरं काही रांधायची मुभा नसे. काकू तिथल्याच एका क्लिनिकमध्ये फार्मासिस्ट होत्या. मला म्हणायच्या, "आमच्या घरात दोघंही औषधं मोजतो गं. माझं चुकलं तर माणूस जाईल, यांचं चुकलं तर तेल थांबेल एवढंच." हे त्या हसत म्हणायच्या. तेव्हा आम्हीही हसायचो.

२०१५ सालच्या मे महिन्यात तारानाकीच्या कंपनीला, म्हणजे टामाच्या, त्याच्या लाइनमधला औषधाचा डोस कमी करता येतो का ते जाणून घ्यायचं होतं. तेलाचे भाव पडले होते, सगळीकडे काटकसर चालू होती. शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. मंगळवारी दुपारी सरांनी नमुन्याचे तीन डबे ओव्हनमध्ये ठेवले, जरा सैल व्हावेत म्हणून, वीस मिनिटांसाठी. त्या ओव्हनमध्ये सकाळी काचसामान वाळवलेलं होतं, आणि तो शंभराच्या वरच राहिला होता. त्यांनी काटा पाहिला नाही. डबे आत ठेवले आणि तेवढ्यात सगळ्यांना मीटिंगला बोलावलं. ती मीटिंग सेफ्टीची होती. कारपार्कात पाय घसरू नये म्हणून काय करावं यावर ती सव्वा तास चालली.

मी परत आले तेव्हा डबे टेबलावर काढून ठेवलेले होते. एकाला हात लावला आणि बोट भाजलं. झाकण उघडून पाहिलं तर आतलं तेल चहासारखं पातळ. सर खिडकीशी उभे होते.

"सर, नवे मागवायचे ना?" मी विचारलं.

"नवे यायला पाच दिवस. आज मंगळवार." मग येऊन त्यांनी मी उघडलेलं झाकण परत लावलं. "दोन दिवस थंडीत राहू देत. परत बसेल मेण. बरंचसं परत बसतं."

"पत्रिकेवर काय लिहू?"

"मी लिहितो."

त्यांनी काहीच लिहिलं नाही. गुरुवारी चाचणी झाली तेव्हा तो रकाना कोराच होता. ज्या माणसानं भिजलेल्या कागदासाठी सहा डबे परत पाठवले होते त्यानं तापलेल्या डब्यातलं तेल बरणीत ओतलं, आडवं धरलं आणि पाच मोजले. मी शेजारी उभी होते. तेल अगदी खालपर्यंत वाहत राहिलं. शुक्रवारी आमचा कागद गेला: डोस कमी करायला हरकत नाही, भर हिवाळ्यात लाइन बारा तास बंद राहिली तरी तेल बसणार नाही.

त्यांनी असं का केलं? याचं उत्तर मी कितीदा शोधलं. मोठं काही सापडत नाही. घरी कोणी आजारी नव्हतं, डोक्यावर कसलं संकट नव्हतं. क्रेगशी पुन्हा एकदा भांडायचं त्यांच्या जिवावर आलं, आणि मेण बरंचसं परत बसतं हे त्यांना खरंच वाटत होतं. एवढंच. मी का गप्प बसले ते मात्र मला पक्कं ठाऊक आहे. माझी रेसिडेन्सीची फाइल तेव्हा इमिग्रेशनमध्ये होती आणि ती या नोकरीच्या खुंटीला टांगलेली होती.

जुलैत टामाची लाइन एका व्हॉल्व्हच्या दुरुस्तीसाठी बंद ठेवावी लागली. आठ तास. त्यानं नेहमीप्रमाणे वेळा लिहिल्या, औषधाचा पंप चालू असल्याचं तीनदा तपासून तेही लिहिलं, आणि दुरुस्ती झाल्यावर आमच्या कागदावर विसंबून लाइन सुरू केली. आत तेल बसलेलं होतं. दाब वाढत गेला, अडलेला बोळा एकाएकी सुटला, आणि जोडाजवळचा जाड होज पाइप उखडून त्याच्या उजव्या हातावर आला. हात मनगटापासून काढावा लागला.

बातमी आली तेव्हा सरांनी हातातली बरणी ठेवली आणि मे महिन्याचं रजिस्टर उघडलं.

मग चौकशी झाली, आणि तिच्यात जे झालं ते मला त्या अपघाताहून वाईट वाटतं. चौकशी करणाऱ्यांकडे दोन कागद होते. एक आमचा, त्यात लिहिलेलं की बारा तास तेल बसूच शकत नाही. दुसरी टामाची वही, त्यात लिहिलेलं की लाइन आठ तास बंद होती आणि औषध चालू होतं. दोन्ही खरे असू शकत नव्हते. आमच्या कागदावर शिक्का होता, सही होती. म्हणजे टामानं पंप चालू ठेवला नसणार, नाहीतर लाइन जास्त वेळ बंद ठेवून वेळा मागाहून बनवून लिहिल्या असणार. असा निष्कर्ष निघाला. हात गेलेला माणूस वर खोटारडा ठरला आणि त्याची नोकरी गेली.

तो निष्कर्ष निघण्याआधी चौकशीची दोन माणसं आमच्याकडेही येऊन गेली होती. मीटिंगच्या खोलीत सरांना त्यांनी विचारलं, "चाचणी पद्धतीप्रमाणे झाली होती?"

"येस," सर म्हणाले.

मग माझ्याकडे वळून, "तुला काही वेगळं आढळलं होतं?"

"नो," मी म्हणाले.

दोन शब्द. दोन मिनिटंही लागली नाहीत. त्या माणसांनी आमचे आभार मानले.

त्यानंतरचे सबनीस सर मला नीट सांगता येणार नाहीत, कारण मी त्यांच्याकडे बघणं टाळत होते. काम चालू होतं. चिडणं मात्र बंद झालं. कोणी 'स्वीट अ‍ॅज' म्हणालं तर नुसती मान हलवायचे, आणि पत्रिका नसलेला डबा आला तरी बाजूला ठेवायचे. क्रेग म्हणाला, सॅब आता मवाळ झाला, बरं झालं. मला तो मवाळपणा असह्य व्हायचा. एकदा वाटलं, यांनी माझ्यावर तरी ओरडावं.

ख्रिसमसच्या आधल्या आठवड्यात कुरियर आलं. तेच पुडकं. टामानं डाव्या हातानं मासे शेकले होते, डाव्या हातानं गुंडाळले होते, आणि डाव्या हातानं, पहिलीतल्या मुलासारख्या अक्षरात, एक चिठ्ठी लिहिली होती. सरांनी ती मला वाचायला दिली. मजकूर इंग्रजीत होता, पण मला तो मराठीतच आठवतो: 'सॅब, वहीतल्या वेळा खऱ्या होत्या. इथे कोणी मानत नाही. तू तरी मला ओळखतोस.'

सरांनी पुडकं लॅबमध्येच उघडलं आणि सगळ्यांना वाटून टाकलं. स्वतः घेतलं नाही. काकूंनी जानेवारीत फोन करून मला विचारलं, "अगं, यांना डॉक्टरनं मासे बंद केलेत का? विचारलं तर बोलत नाहीत." मी म्हटलं, मला काही कल्पना नाही.

शीतकपाटात त्याच लाइनचा, मे महिन्यात ती चाचणी झाल्यावर मागाहून आलेला एक डबा शिल्लक होता, न उघडलेला. पुढच्या हिवाळ्यात सरांनी तो बाहेर काढला. अर्ध्या तेलाची चाचणी जशी व्हायला हवी होती तशी केली. उरलेलं अर्धं मुद्दाम शंभराच्या वर तापवलं, दोन दिवस थंडीत ठेवलं आणि मग तपासलं. दोन्हींत नऊ अंशांचा फरक आला. 'बरंचसं परत बसतं' ते एवढं बसलं नव्हतं. हे त्यांनी रजिस्टरमध्ये तारीखवार लिहिलं, खाली सही केली आणि दोन पानांचं पत्र तयार केलं, तीन प्रतींत. एक तारानाकीच्या कंपनीला, एक सरकारी खात्याला, एक क्रेगला.

पाठवण्याआधी मला दाखवलं. सगळं होतं त्यात. ओव्हन, सव्वा तास, कोरा रकाना, चौकशीतलं 'येस'. शेवटी एक ओळ होती की लॅबमधल्या दुसऱ्या कोणालाही याची माहिती नव्हती.

"सर, हे खरं नाही," मी म्हणाले.

"तेवढं राहू दे."

"पण सर..."

"तुझं सगळं व्हायचंय अजून. राहू दे म्हटलं ना."

मी आणखी वाद घातला असं लिहायला मला आवडलं असतं. मला सुटल्यासारखं वाटलं. लाज वाटायची होती ती नंतर, सवडीनं वाटली. खरं तर तोवर माझी रेसिडेन्सी होऊन चार महिने झाले होते, आणि ते सरांना माहीत होतं. पेढे त्यांनाच आधी दिले होते.

क्रेगनं त्यांच्याकडून राजीनामा घेतला. निरोपाचा चहा झाला नाही. त्यांचं टेबल मला मिळालं. तारानाकीच्या कंपनीनं तीन आठवडे उत्तर दिलं नाही, मग वकिलाच्या दोन ओळी आल्या की पत्र मिळालं. पुढे वर्षभरानं त्यांनी वहीबद्दलचा तो निष्कर्ष मागे घेतल्याचं टामाला कळवलं, असं मी ऐकलं. नोकरी परत दिली नाही. आणि सर तोपर्यंत मुलाजवळ हेन्डरसनला राहायला गेले होते. तिथेच २०१९ मध्ये ते वारले. मला ते काकूंनी कळवलं नाही, दुसऱ्या कोणाकडून कळलं. काकूंचा यात दोष नाही.

पण ते लोअर हट सोडून जाण्याआधी, सप्टेंबरमधल्या एका गुरुवारी, त्यांचा फोन आला. "शनिवारी मोकळी आहेस का? टामाकडे जायचंय. कागदावर कळणं आणि माणसानं सांगणं यांत फरक आहे." हायवेवर ते स्वतः गाडी घालत नसत. मी हो म्हटलं.

पाच तासांचा रस्ता. वांगानुईला थांबून आम्ही सँडविच खाल्लं. सरांनी टाय लावला होता. त्यांना टायमध्ये मी कधी पाहिलं नव्हतं. वाटेत एवढंच म्हणाले, "आधी सांगायचं, मग बसायचं. चहा घेतल्यावर सांगणं बरं नाही."

टामा दारातच होता. उजवी बाही दुमडून पिन लावलेली. "किआ ओरा, सॅब!" म्हणून त्यानं एका हातानं सरांना मिठीत घेतलं, माओरी रीतीप्रमाणे कपाळाला कपाळ आणि नाकाला नाक टेकवलं. किटली आधीच चढवलेली होती. घर नीटनेटकं, बायको कामावर गेलेली. आम्ही दारात बूट काढून आत गेलो.

सर स्वयंपाकघरात उभेच राहिले आणि त्यांनी सांगितलं. मेमध्ये काय झालं, आकडा कसा खोटा निघाला, चौकशीत आपण काय म्हणालो. त्यांचं इंग्रजी एरवी तडफदार असे. त्या दिवशी ते एकेक वाक्य उचलून ठेवत होते.

"तुला कधी कळलं?" शेवटी टामानं विचारलं.

"पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"मी मासे पाठवले तेव्हा?"

"हो. तेव्हाही."

किटली उकळून बंद झाली होती. टामानं ती उचलली, त्यातलं पाणी सावकाश सिंकमध्ये ओतून दिलं आणि जागेवर ठेवली. मग म्हणाला, "मला सांगून काय उपयोग? मी खरं लिहिलं होतं हे मला माहीतच आहे. माझ्या भावानं मला विचारलं, तू खोटं का लिहिलंस. माझी पोरगी शाळेत ऐकून घेते. तिला सांग." आणि त्यानं हाक मारली, "अरोहा!"

सोळा-सतरा वर्षांची मुलगी आतून आली. सरांनी तिला पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं. तेच सगळं, तेवढंच हळू. ती हाताची घडी घालून फ्रीजला टेकून उभी होती.

"म्हणजे डॅडनं लिहिलेल्या वेळा खऱ्या होत्या?"

"मिनिटासकट खऱ्या होत्या. तुझ्या वडिलांचं काहीही चुकलं नव्हतं."

"मग तुम्ही वर्षभर का थांबलात?"

सरांनी टायची गाठ चाचपली. "नोकरी जाईल अशी भीती वाटली."

"डॅडची गेली," ती म्हणाली.

टामा खिडकीतून बाहेर बघत होता. त्यानं मान न वळवता सांगितलं, "सांगितलंस ते बरं केलंस. आता जा, सॅब." त्याच मऊ आवाजात. सरांनी मान लववली. हात पुढे केला नाही, आणि ते मला बरोबर वाटलं.

आम्ही दारात बूट घालत होतो. सर खाली वाकून लेस बांधत होते. अरोहा आमच्या मागोमाग आली होती. दार लावून घ्यायलाच आली असेल. तिनं माझ्याकडे पाहिलं. इतका वेळ तिनं मला पाहिलंच नव्हतं.

"आणि तू?" तिनं विचारलं. "तूही त्या लॅबमध्ये असतेस?"

"नाही," मी म्हणाले. "मी नुसती गाडी चालवतेय."

सरांचे हात लेसवर थांबले. एक क्षणभर. मग त्यांनी गाठ पुरी केली, दुसऱ्या बुटाची बांधली, आणि गुडघ्यावर हात टेकून उठले. माझ्याकडे पाहिलं नाही. अरोहाला "थँक यू" म्हणाले आणि पायऱ्या उतरले.

परतीच्या पाच तासांत ते या विषयावर एक अक्षर बोलले नाहीत. वांगानुईच्या पुढे रस्ता ओला झाला तेव्हा म्हणाले, "वेग कमी ठेव." एकदा विचारलं, "झोप येत नाही ना?" लोअर हटला त्यांच्या दारात मी गाडी थांबवली तेव्हा संध्याकाळ होत आली होती. त्यांनी पिशवी घेतली, पट्टा सोडला, दार उघडून खाली उतरले आणि पुन्हा खिडकीशी वाकले. मला वाटलं, आता बोलतील. बोलावं असं वाटत होतं.

"घरी पोचलीस की फोन कर," ते म्हणाले.

मी पोचले. फोन हातात धरून बराच वेळ बसले. आणि केला नाही.